झोपलेल्या सशाची बाजू

सशा-कासवाच्या गोष्टीत ससा का हरला, हे शाळेत जायच्या आधीच आपल्याला पाठ असतं. झोपला म्हणून हरला. लांब पल्ल्याच्या सायकलिंगच्या इतिहासातही असा एक ससा आहे. त्याचं नाव जिएल-लावाल. ६ सप्टेंबर १८९१ रोजी पॅरिसमधून दोनशेहून थोडे अधिक सायकलस्वार ब्रेस्तच्या दिशेनं निघाले. ब्रेस्त म्हणजे फ्रान्सच्या पश्चिम टोकावरचं बंदर. तिथं जायचं आणि परत पॅरिसला यायचं. एकूण अंतर सुमारे १२०० किलोमीटर. ब्रेस्तपर्यंत जिएल-लावाल पुढे होता. परतीच्या वाटेवर ब्रिटनीतल्या एका गावात तो झोपायला थांबला. मागून येणारा शार्ल तेरों थांबला नाही. झोपलेल्या प्रतिस्पर्ध्याला ओलांडून तो पुढे निघून गेला आणि तीन रात्री न झोपता, ७१ तास २२ मिनिटांत पॅरिसला पोहोचला. भल्या सकाळी त्याच्या स्वागताला हजारो लोक जमले होते. जिएल-लावाल आला तो कित्येक तासांनी.

हा किस्सा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी अर्थातच तेरोंच्या बाजूचा होतो. विक्रम त्याचा, गर्दी त्याची, इतिहास त्याचा. आता मी जिएल-लावालच्या बाजूचा आहे. या पक्षांतराचं कारण माझ्या डाव्या कॉलरबोनमध्ये आहे.

*

मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. सायकल घेतली ती पोट कमी करायला. मग रविवारचा सिंहगड, मग लोणावळा, मग कुणीतरी 'बीआरएम'बद्दल सांगितलं आणि पोटाचा विषय मागे पडला. बीआरएम, म्हणजे ब्रेव्हे, ही शर्यत नव्हे. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत पूर्ण करायचं, एवढंच. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाची भानगड नाही. वाटेत 'कंट्रोल' असतात, तिथं कार्डावर शिक्का घ्यायचा. माणूस नसेल तिथं एटीएमची पावती पुरावा म्हणून चालते. कंट्रोलच्या मध्ये कुणाची मदत घ्यायची नाही, मागे गाडी ठेवायची नाही. पंक्चर झालं तर आपलं आपण, भूक लागली तर आपली आपण. एका हंगामात ही चारही अंतरं पूर्ण केली की माणूस 'सुपर रँदोनर' होतो. दर चार वर्षांनी पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस भरते, त्या वर्षी या चार ब्रेव्हे केलेल्याला तिथं जाता येतं. हो, तीच. आता ती शर्यत राहिलेली नाही. ९० तासांच्या आत परत यायचं, इतकंच.

२००, ३००, ४०० झाले होते. ६०० साठी मी बारा आठवड्यांचा आराखडा विकत घेतला. पेडलवर पडणारी ताकद वॉटमध्ये मोजणारं पॉवर मीटर आधीच बसवलं होतं. साधारण तासभर टिकवता येईल अशी कमाल ताकद म्हणजे एफटीपी. माझी १९८ वॉट होती, ती बारा आठवड्यांत २२१ झाली. मंगळवारी इंटरव्हल, गुरुवारी टेम्पो, शनिवारी लांबची राइड, सोमवारी आराम. रोजचा ताण एका आकड्यात, आठवड्याचा एका आलेखात. इंजिनिअरला आणखी काय हवं असतं! ऑफिसात एखादी सिस्टीम लाइव्ह करण्याआधी आम्ही लोड टेस्ट करतो. मी माझी लोड टेस्ट केली होती आणि सगळे दिवे हिरवे होते.

मार्ग पुण्याहून निघून सातारा, कराड, कोल्हापूर करत संकेश्वरच्या पुढे आणि परत. शनिवारी सकाळी सहाला सुरुवात, रविवारी रात्री दहापर्यंत पोहोचायचं. शुक्रवारी आमचं रिलीज होतं. साडेबाराला अंथरुणाला पाठ टेकली आणि पावणेचारला उठलो. उत्साहात असताना तीन तासांची झोप पुरेशी वाटते. खंबाटकी घाट आकड्यांच्या धाकात चढलो, तीनशेचा शिक्का वेळेच्या बराच आधी घेतला आणि मध्यरात्री कोल्हापुरात परत आलो. ३६५ किलोमीटर झाले होते. तिथल्या एका लॉजमध्ये चारपाच जण झोपायला चालले होते. त्यात बँकेतून निवृत्त झालेले एक काकाही होते. "पड की दोन तास," ते म्हणाले. "नको काका, लय लागली आहे," मी म्हणालो. केळं खाल्लं आणि निघालो. झोपलेल्यांना मागे टाकताना मला काय वाटत होतं, ते आता सांगायला लाज वाटते. मला तेरोंची आठवण आली होती.

पेठ नाक्यावरचा चहा आठवतो. कासेगावच्या कमानीसारखं काहीतरी आठवतं. त्यानंतरची आठवण म्हणजे गालाला लागलेली खडी आणि मला बखोटीला धरून बाजूला ओढणारा, ओढता ओढता शिव्या देणारा एक ट्रक ड्रायव्हर. त्यानं वेळेत ब्रेक मारला होता. पहाटेचे साडेतीन वाजले होते, ४३० किलोमीटर झाले होते आणि मी पेडल मारता मारता झोपलो होतो. नंतर हिशेब केला. ताशी २५ च्या वेगानं सायकल सेकंदाला सात मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे अठ्ठावीस मीटर. एवढ्या अंतरात महामार्गाची कड सोडून मधल्या लेनमध्ये जाता येतं आणि मी गेलो होतो.

पायांनी तक्रार केली नव्हती. सायकल-कॉम्प्युटरमध्ये पडायच्या क्षणापर्यंतचा आलेख आहे. ताकद व्यवस्थित, नाडी व्यवस्थित. मी चुकीच्या भागाची लोड टेस्ट केली होती.

*

पट्टा बांधलेल्या हातानं सायकल चालवता येत नाही, वाचता येतं. सहा आठवडे मी पॅरिस-ब्रेस्त-पॅरिसचा इतिहास वाचला. या अंतरासाठी माणसांनी आजवर कशी तयारी केली, हे मला बघायचं होतं. सुरुवात तेरोंपासूनच केली. हा माणूस झोपेचं काय करत होता?

१८९१ची शर्यत भरवली पिएर जिफार यांनी. ते 'ल पती जुर्नाल' या मोठ्या खपाच्या दैनिकाचे पत्रकार. त्याच वर्षी मे महिन्यात बोर्दो ते पॅरिस अशी पावणेसहाशे किलोमीटरची शर्यत झाली होती आणि तिच्यात पहिले चारही क्रमांक इंग्रजांनी पटकावले होते. जिफार यांनी त्याच्या दुप्पट अंतर ठेवलं आणि प्रवेश फक्त फ्रेंच पुरुषांना दिला. काही स्त्रियांनीही नावं नोंदवली होती. ती नाकारली गेली. अख्ख्या प्रवासाला एकच सायकल वापरायची, असा नियम होता. कारण यंत्राचीही परीक्षा घ्यायची होती. हवेचं टायर तेव्हा नवीन होतं. जिएल-लावाल डनलॉपच्या टायरवर होता. तेरोंच्या सायकलला मिशेलिन बंधूंचं, डिंकानं न चिकटवता काढता-घालता येणारं टायर होतं. सुरू केलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक परत आले, तेही पुढचे कित्येक दिवस येत राहिले. त्यांच्यातले बहुतेक वाटेत रीतसर मुक्काम करत, जेवत, झोपत आले होते.

तेरों तेव्हा ३४ वर्षांचा होता. उंच चाकाच्या सायकलींच्या काळापासून तो शर्यती मारत आला होता, बिनझोपेच्या रात्री त्याला नवीन नव्हत्या. पण मला जे आधी दिसलं नव्हतं ते वेगळंच होतं: तो एकटा नव्हता. आघाडीच्या या दोघांमागे धंद्यातल्या कंपन्यांची प्रतिष्ठा लागली होती. त्यांच्या दिमतीला माणसं होती, वेग धरून द्यायला पुढे चालणारे पेसर होते, कुठे खायचं, किती थांबायचं हे बघणारे होते. शर्यतीच्या बातम्या तारेनं पॅरिसला जात होत्या. म्हणजे तेरोंनं तीन रात्री जागून काढल्या हे खरं, पण रस्ता बघायला, जागं ठेवायला, 'आता खा' आणि 'आता नीघ' म्हणायला त्याच्या भोवती दुसरी डोकी होती. पाय त्याचे होते. डोकं बऱ्याच अंशी भाड्यानं घेतलेलं होतं.

कासेगावजवळ माझ्या शेजारी कुणीही नव्हतं.

*

हे लक्षात आल्यावर तयारीचा सगळा इतिहासच मला वेगळा दिसायला लागला. इथून पुढे दोन वाटा निघतात.

पहिली वाट आंरी देग्रांजची. वकिलाच्या कचेरीत कारकुनी करणारा हा तरुण सायकलवर गेला आणि ११ मे १८९३ रोजी त्यानं पॅरिसच्या बफेलो वेलोड्रोमवर तासाभरात ३५.३२५ किलोमीटरचा विक्रम केला. पुढच्याच वर्षी त्यानं एक पुस्तक लिहिलं. शीर्षकाचा अर्थ 'डोकं आणि पाय'. एका अनुभवी प्रशिक्षकानं नवख्या सायकलपटूला लिहिलेली पत्रं, असं त्याचं स्वरूप. म्हणजे पाय पोराचे, डोकं गुरूचं. १९०३ मध्ये त्यानंच तूर द फ्रान्स सुरू केली आणि पुढे तीन दशकांहून अधिक काळ ती एखाद्या कडक हेडमास्तरासारखी चालवली. गिअर बदलणं त्याला कमीपणाचं वाटे. तूरमध्ये डिरेलर यायला १९३७ साल उजाडलं.

या वाटेवर पाय आणि डोकं वेगवेगळ्या माणसांकडे असतात. इटलीच्या फाउस्तो कोप्पीचा मालिशवाला बियाजियो काव्हान्ना डोळ्यांनी आंधळा होता. तो बोटांनी स्नायू चाचपून सायकलपटूची अवस्था ओळखे आणि त्यांच्या खाण्याझोपण्यावरही त्याचाच अंमल असे. पुढे काव्हान्नाच्या बोटांची जागा यंत्रांनी घेतली. १९८६ मध्ये उलरिख शोबेरर या जर्मन इंजिनिअरनं सायकलवर बसवता येणारं पॉवर मीटर बनवलं. अँड्र्यू कॉगन या शरीरक्रियाशास्त्रज्ञानं त्या आकड्यांना एफटीपीची चौकट दिली आणि २००६ मध्ये हंटर ॲलनबरोबर त्यावर पुस्तक लिहिलं. मी विकत घेतलेला बारा आठवड्यांचा आराखडा याच झाडाचं फळ. त्यात खोट काही नाही. माझे पाय त्यानं खरोखरच तयार केले. पण हे सगळं ज्ञान अशा सायकलपटूसाठी जन्माला आलं, ज्याला रात्री हॉटेलात पलंग असतो, मागे टीमची गाडी असते आणि कानात सूचना देणारं कुणीतरी असतं. पहाटे साडेतीनला झोपायचं की नाही, हा प्रश्न त्याला कधी पडतच नाही. मग तो आराखड्यात तरी कुठून येणार?

दुसरी वाट सांत-एतिएन नावाच्या गावातून निघते. तिथं पॉल द व्हिव्ही नावाचा रेशमाचा व्यापारी राहत होता. १८५३चा जन्म. व्यापार सोडून तो सायकलच्या धंद्यात पडला, १८८७ मध्ये त्यानं सायकलींचं मासिक काढलं आणि 'व्हेलोसियो' या टोपणनावानं लिहू लागला. शाकाहारी होता. गावाजवळच्या घाटांत तो स्वतः गिअरचे प्रयोग करायचा. देग्रांज ज्याला कमीपणा म्हणत होता, ते हा माणूस चाळिशी-पन्नाशीत वापरत होता आणि एका दमात शेकडो किलोमीटर हिंडत होता. त्यानं प्रवासी सायकलस्वारांसाठी सात नियम घालून दिले. थोडक्यात सांगायचं, तर थांबे कमी आणि छोटे ठेवा. भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या. थंडी वाजण्याआधी अंगावर चढवा, उकडण्याआधी उतरवा. प्रवासात दारू, मांस आणि तंबाखू टाळा. सुरुवातीच्या तासांत जोर लावू नका. इतकं दमू नका, की भूक आणि झोप उडून जाईल. आणि दुसऱ्याला दाखवण्यासाठी पेडल मारू नका.

शेवटचे दोन मी दोनदा वाचले. कोल्हापुरात मला जेवण नकोसं झालं होतं. त्याला मी 'लय' म्हणत होतो. आणि झोपलेल्या काकांना मागे टाकताना मी नेमकं कुणाला दाखवत होतो?

या सात नियमांत किती वॉट, किती नाडी, आठवड्याला किती किलोमीटर, यातलं काहीच नाही. सगळे नियम वेळेवर निर्णय घेण्याबद्दल आहेत, आणि त्यातले कित्येक गरज भासायच्या आधी निर्णय घ्यायला सांगतात. कारण गरज भासते तेव्हा निर्णय घेणारं डोकंच जागेवर राहिलेलं नसतं. तेरोंकडे जे काम दुसरी माणसं करत होती, ते व्हेलोसियो ज्याच्या त्याच्या हातात देत होता.

*

या दोन वाटांची टक्कर एका क्लबात झाली. लांब पल्ल्याच्या हौशी सायकलिंगला आपण 'ऑडॅक्स' म्हणतो, तो शब्द इटलीतून आला. १२ जून १८९७ रोजी काही इटालियन सायकलस्वार एका दिवसात रोमहून नेपल्सला, म्हणजे सुमारे २३० किलोमीटर गेले, त्यांना 'धाडसी' अशा अर्थानं हे नाव मिळालं. १९०४ मध्ये देग्रांजनं त्याची नियमावली फ्रान्समध्ये आणली आणि त्याच वर्षी ऑडॅक्स क्लब पारिझियाँ स्थापन झाला. देग्रांजची पद्धत दिंडीसारखी होती. सगळ्यांनी एकत्र जायचं, पुढे कॅप्टन, वेग तो ठरवणार, थांबे आणि जेवणंही ठरलेली. दिंडीत चालणाऱ्याला मुक्काम कुठे हा प्रश्न पडत नाही, तसंच. यात कमी लेखण्यासारखं काही नाही, पण डोकं पुन्हा एकाचंच.

१९२१ मध्ये या क्लबाचं आणि देग्रांजचं बिनसलं. क्लबाला त्याच्या पद्धतीचे ब्रेव्हे भरवता येईनात. मग क्लबानं त्याच वर्षी आपली वेगळी पद्धत सुरू केली: मुक्त वेग. ज्यानं त्यानं आपल्या चालीनं जावं, आपल्या सोयीनं खावं-झोपावं, फक्त कंट्रोल वेळेत गाठावेत. आज पुण्यात किंवा नाशकात आपण जे ब्रेव्हे करतो, ते या फुटीतून जन्माला आलेले. कार्डावर छापलेले कंट्रोलच्या उघडण्या-बंद होण्याचे आकडे मी इतके दिवस परीक्षेच्या वेळापत्रकासारखे वाचत होतो. खरं तर ते स्वातंत्र्याचे आकडे होते. या दोन वेळांच्या मधे तुझं तू बघ, असं ते सांगत होते.

पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस सुरुवातीला दर दहा वर्षांनी व्हायची. १९०१ मध्ये मोरीस गारँनं ती ५२ तास ११ मिनिटांत जिंकली. तोच गारँ, ज्यानं दोन वर्षांनी पहिली तूर जिंकली. १९३१ मध्ये एकाच रस्त्यावर तिन्ही प्रकारची माणसं होती: व्यावसायिक शर्यतवाले, कॅप्टनमागून गटानं जाणारे आणि मुक्त वेगाचे रँदोनर. व्यावसायिकांत ऑस्ट्रेलियाचा ह्युबर्ट ऑपरमन ४९ तास २३ मिनिटांत जिंकला. त्याच वर्षी स्त्रियांनीही हे अंतर पूर्ण केलं, ४० वर्षांपूर्वी ज्यांची नावं कागदावरच अडवली होती त्यांच्या वारसदारांनी. १९५१ मध्ये मोरीस दिओनं ३८ तास ५५ मिनिटांचा विक्रम केला. आणि व्यावसायिक शर्यत तिथं संपली. पुन्हा भरवायचा विचार झाला, पण धावायला माणसं मिळेनात. एवढ्या अंतराची तयारी म्हणजे महिनोन्महिने वेगळा सराव आणि नंतर दीर्घ विश्रांती. ज्याचं पोट इतर शर्यतींवर आहे, त्याला हे परवडणारं नव्हतं.

मागे राहिले ते हौशी. त्यांनी ती चालू ठेवली. १९७५ पासून ती दर चार वर्षांनी भरते आणि जगभरातून हजारो लोक जातात. शिक्षक, बेकरीवाले, डॉक्टर, निवृत्त माणसं. वाटेतल्या गावांत लोक रात्रभर टेबल मांडून कॉफी देत उभे असतात आणि रस्त्याच्या कडेला, चर्चच्या पायऱ्यांवर, शाळांच्या हॉलमध्ये सायकलस्वार झोपलेले असतात. म्हणजे १३० वर्षांनंतर हा कार्यक्रम टिकला आहे तो तेरोंमुळे कमी आणि झोपणाऱ्यांमुळे जास्त.

*

माझे बाबा चिंचवडच्या एका कारखान्यात तीस वर्षं होते. त्यातली बरीच रात्रपाळीत गेली. त्या रविवारी सकाळी आठला ते कराडच्या दवाखान्यात पोहोचले, तेव्हा काही बोलले नाहीत. पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढून समोर धरला. बोलले ते पंधरा दिवसांनी, मी टेबलावर पुढचा आराखडा पसरून बसलो होतो तेव्हा.

"यात झोप कुठे लिहिली आहे?" त्यांनी विचारलं.

मी सोमवारचा रकाना दाखवला. विश्रांती.

"तशी नाही रे. आम्ही रात्रपाळीला जायच्या दिवशी दुपारी झोपून जायचो. तू दिवसभर ऑफिस करून, रात्र जागून गेलास. तीन ते पाच वेळ वाईट. आमच्याकडे बोटं गेली ती याच वेळेत. तेव्हा जुने लोक काय करायचे माहीत आहे? दोन वाजताच वीस मिनिटं पडून घ्यायचे. तीनला झोप येणार हे ठाऊक असायचं, मग तिची वाट कशाला बघायची?"

व्हेलोसियोचं नाव बाबांनी ऐकलेलं नाही. पण भूक लागण्याआधी खा आणि झोप येण्याआधी झोपा, यात फरक काय? सायकलनं बाबाही कारखान्यात जायचे, जाऊन-येऊन बावीस किलोमीटर. मी त्याला कधी सायकलिंग म्हटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी नवा आराखडा केला. आठवड्यातले इंटरव्हल दोनाचे एक केले. त्याऐवजी महिन्यातून एकदा रात्री आठला निघून सकाळी परत यायचं, निघण्याआधी दुपारी झोपायचं. दर चाळीस मिनिटांनी घड्याळाचा गजर, वाजला की खायचं, इच्छा असो वा नसो. पहिल्या दोनशे किलोमीटरला वॉटची वरची मर्यादा; पॉवर मीटर आता मला ढकलायला नाही, आवरायला होतं. आणि सगळ्यात अवघड सराव: रस्त्याकडेला, दिव्याच्या उजेडात, डास चावत असताना वीस मिनिटं झोपणं. ही गोष्ट शिकावी लागते. पहिल्या तीन वेळा मी नुसता डोळे मिटून पडलो. चौथ्या वेळी शिरवळजवळच्या एका पेट्रोल पंपावर, टायरांच्या ढिगाशेजारी, खरोखर झोप लागली. एफटीपी १४ वॉटनं वाढल्याचा आनंद मला याहून कमी झाला असता.

बारा महिन्यांनी तोच मार्ग, तोच जानेवारी. शुक्रवारी रजा घेतली. मॅनेजरला कारण सांगितलं, 'झोपायचं आहे'. त्याला विनोद वाटला. शनिवारी रात्री एकला कोल्हापुरात आलो, वर्षापूर्वीपेक्षा तासभर उशिरा. डोळ्यांत झोप नव्हती. उलट छान वाटत होतं, निघावंसं वाटत होतं, आणि ते वाटणंच मला ओळखीचं होतं. त्याच लॉजवर गेलो. बूट काढले, गजर सव्वाचारचा लावला.

खोली रस्त्याकडची होती. पडल्यावर खालून एका सायकलच्या फ्रीव्हीलची टिकटिक जवळ आली आणि पुण्याच्या दिशेनं लांब गेली. कुणीतरी मला मागे टाकून चाललं होतं. उठून बसावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू. १८९१ च्या त्या रात्री जिएल-लावालला खोलीबाहेरचं काही ऐकू आलं असेल का, असा विचार आला. त्याच्यासाठी ती शर्यत होती, माझ्यासाठी नव्हती. कंट्रोल बंद व्हायला पाच तास होते आणि घर २३५ किलोमीटरवर. कूस बदलली.

कासेगाव ओलांडलं तेव्हा चांगलं फटफटीत उजाडलं होतं. जिथं पडलो होतो ती जागा नीट ओळखूही आली नाही. खडी, गवत, प्लास्टिकची एक चप्पल. थांबलो, पाणी प्यायलो, निघालो. संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी, ३६ तास २० मिनिटांत कार्डावर शेवटचा शिक्का पडला. रात्री जो पुढे गेला होता, तो माझ्याआधी दोन तास आला होता. त्याचं आणि माझं नाव एकाच यादीत लागलं.

घरी फोन केला. वेळ सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांनी विचारलं, "झोपलास का नीट?"

"तीन तास," मी म्हणालो.

"मग ये सावकाश."